नाखव्याला दिलेली सूट

फेब्रुवारीची पहिली तारीख जवळ आली की माझं डोकं ठणकायला लागतं. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करते. त्यामुळे माझ्या ओळखीच्या साऱ्या जगाचा असा समज आहे की अर्थसंकल्प मला विचारून करतात. त्या दिवशी बोईसरच्या आमच्या इमारतीतला वॉचमनसुद्धा मला थांबवून विचारतो, "मॅडम, इस बार क्या मिला?" मी सांगते. जीव तोडून सांगते. माणसं माना डोलावतात आणि पुन्हा आधी जे म्हणत होती तेच म्हणतात. डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्यायचं आणि औषध मात्र शेजारणीला विचारून घ्यायचं, तसला हा प्रकार.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका अर्थसंकल्पाची मला अजून चीड आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला होता. सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागणार नाही असं जाहीर झालं आणि सगळ्यांनी बाकं बडवली. प्रयोगशाळेतल्या मुलांना, आमच्या खात्यातल्या कारकुनांना आनंद होणं बरोबरच होतं, त्यांचं खरंच काहीतरी वाचणार होतं. पण ठेकेदाराकडचे हमालही बाकं बडवत होते. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी आयकर भरला नव्हता आणि मिळत होता त्या पगारात पुढच्या सात पिढ्या भरणार नव्हत्या. ते बिचारे दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात नाचत होते.

त्याच भाषणात, त्या गडबडीत, आणखी एक गोष्ट सांगितली गेली. वर्षाला पाच कोटींच्या वर ज्यांचं उत्पन्न आहे, त्यांच्या करावरचा अधिभार सदतीस टक्क्यांवरून पंचवीसवर आणला. कॅन्टीनमध्ये ते कुणाच्या कानावरही गेलं नाही. मी मात्र पुरी हातात धरून थांबले, कारण आमचे मालक त्या ओळीत बसत होते. मी शेजारच्यांना म्हटलं, "अहो, खरी मोठी सूट ती आहे." तर एक हमाल, बिहारकडचा, मोठा हसरा माणूस, मला म्हणाला, "अच्छा है ना मैडम. सेठ का बचेगा तो हमको भी मिलेगा." मी विचारलं, सेठला पाहिलंय का कधी? तो म्हणाला, नाही, पण गाडी पाहिली आहे.

मालकांच्या उत्पन्नाचा आकडा मी इथे सांगणार नाही, ते माझ्या पेशाला धरून नाही. पण कारखान्याचे कागद मुंबईला त्यांच्या चार्टर्ड अकाउंटंटकडे माझ्याच हातून जातात, त्यामुळे त्यांचं किती वाचलं असेल याचा मला अंदाज होता. चांगलं भरघोस वाचलं. आमचे मॅनेजर तेव्हा छाती फुगवून म्हणत होते की आता मागच्या मोकळ्या जागेवर नवी शेड उभी राहील, माणसं लागतील. ती जागा अजून मोकळी आहे. तिथे गुडघाभर गवत वाढतं आणि सरावली गावाकडच्या म्हशी चरतात. मालकांनी फसवलं असंही मी म्हणणार नाही. माल उचलायला गिऱ्हाईक नाही, तर कोणता शहाणा माणूस केवळ कर वाचला म्हणून नवी यंत्रं आणून बसवील? ज्याला आधीच काही कमी नाही त्याच्या हातात आणखी पैसे आले, तर ते तो जिथे त्याचे बाकीचे पैसे आहेत तिथेच ठेवतो. हे समजायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. पण ते कुणाला समजत नाही, आणि ज्या घरात मी वाढले तिथे तर अजिबातच समजत नाही.

माझं माहेर पालघर तालुक्यातलं, सातपाटीच्या पुढचं एक कोळीवाड्याचं गाव. वडील खलाशी होते, ते गेले. आई मासळी विकायची. बोईसरच्या बाजारात तिची बसायची जागा होती, तिच्या सासूपासून चालत आलेली. ही जागा म्हणजे कागदोपत्री काही नाही. चार हात फरशी, मागे एक भिंत, आणि रोज तिथे येऊन बसण्याचा हक्क. रोज बसणं हाच तो हक्क. आठवडाभर बसलं नाही तर शेजारीण पाय पसरते, महिनाभर बसलं नाही तर कुणी नवाच माणूस पाट टाकून बसतो, आणि मग भांडायला गेलं तर बाजारवसुलीवाला विचारतो, "कुठं लिहिलंय?" आई ती जागा अशी सांभाळायची की माझ्या बारशालासुद्धा ती दुपारनंतर आली, असं माझी आत्या सांगते.

गिऱ्हाईकही तिचं ठरलेलं होतं. कारखान्यातले बंगाली कामगार, ओडिशाचे, उत्तरेकडचे, सगळे तिला मौसी म्हणत. तिचं हिंदी ऐकून मला मान खाली घालावी लागे. "ये ताजा हाय, कलका नाय हाय, कलका मैं लाती नाय." पण तिच्याकडून मासळी घेतलेला माणूस दुसरीकडे जात नसे. घर तिनं त्या जागेवर चालवलं, मला त्या जागेवर शिकवलं. माझ्या एम.कॉम.च्या पदवीला माशांचा वास आहे, असं मी लग्नाआधी नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

आता गावातून बोईसरला पाट्या घेऊन जायचं म्हणजे वाहन हवं. मासळीच्या पाटीतून पाणी गळतं, वास येतो. एस.टी.चा कंडक्टर पाटी बघून दोनदा घंटी मारतो, गाडी पुढे. रिक्षावाला पाटीचं वेगळं सीट धरतो आणि वर तोंड वाकडं करतो. म्हणून आमच्या गावकीनं फार वर्षांपूर्वी बायांसाठी टेम्पो ठेवला होता. पहाटे तो देवळापासून निघायचा, काही बायांना पालघरला उतरवायचा, बाकीच्यांना बोईसरला. बाया त्यात दाटीवाटीनं बसून भांडत, हसत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत जायच्या. भाडं नावाला. खरा खर्च गावकी सोसायची.

गावकीकडे पैसा यायचा तो बोटींकडून. प्रत्येक बोटीच्या विक्रीतला काही हिस्सा गावकीचा. छोट्या होडीवाल्याला थोडा, मोठ्या इंजिनाच्या बोटींना जास्त. बंदरावरचे दिवे, वाळवणाचे ओटे, देवळाची रंगरंगोटी आणि हा टेम्पो, सगळं त्यातून. ज्या कुणी म्हाताऱ्यांनी हे ठरवलं त्यांनी अर्थशास्त्राचं तोंड पाहिलं नव्हतं, पण ज्याची बोट मोठी त्याला बंदर जास्त लागतं, हे त्यांना दिसत होतं. मोठ्या बोटी गावात मोजक्याच, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन एकाच घरच्या. गाव त्यांनाच नाखवा म्हणतं. तसा बोट असलेला कुणीही नाखवाच, पण आमच्याकडे नुसतं नाखवा म्हटलं की ते एकच.

नाखवा वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी खलनायक उभा करते आहे. डिझेल महागलं होतं, मासळी किनाऱ्यापासून लांब गेली होती, त्यांची तक्रार खोटी नव्हती. माझे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत आमच्या घरी रोज चूल पेटली की नाही हे त्यांनी माणूस पाठवून विचारलं होतं. पण त्यांचं बरं चाललं होतं आणि छोट्या होडीवाल्यांचं बरं चाललेलं नव्हतं, हेही खरंच.

त्या अर्थसंकल्पानंतरच्या पावसाळ्यात, मासेमारीबंदीच्या दिवसांत बोटी वर ओढलेल्या असताना, गावकीची सालाबादची सभा देवळात भरली. मी आईकडे आले होते म्हणून गेले. आमच्याकडे सभेला बायाही बसतात आणि बायांचा हातही मोजतात. बाजारात जाणाऱ्या बाया गावात इतक्या की त्या एका बाजूला झाल्या तर पुरुषांचं काही चालत नाही. माहेरवाशिणीला मात्र बोलायला मिळतं, हात वर करता येत नाही. तिचा हात सासरच्या गावी गेलेला असतो.

नाखवा उभे राहिले. त्यांनी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता, ते त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

"आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येल?" ते म्हणाले. "मोठ्या बोटींचा हिस्सा निम्मा करा. माझं पैसं वाचलं तर मी तिसरी बोट काढीन. तिसरी बोट म्हंजे आनखी खलाशी, आनखी मासळी. कोनाच्या पाट्या भरतील? तुमच्याच ना बायांनो? देशात बी तेच केलंय. सगळ्यात वरच्यांचा कर कमी केला. दिल्लीवाली मानसं काय येडी हायत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून बोलले. कॅन्टीनमध्ये बोलले होते तेच, पण आता मासळीच्या भाषेत. म्हटलं, तिसरी बोट समुद्रात मासळी असली तर निघते, हिस्सा वाचला म्हणून निघत नाही. म्हटलं, ज्यांचा हिस्सा निम्मा होणार ती दोन-चार घरं, आणि त्या हिश्शातून जे चालतं ते सगळ्या गावाचं. जो पैसा येणार नाही त्याच्यापायी काय बंद करणार ते आज सांगा, आजच. सभेचे अध्यक्ष म्हणाले, तो विषय आज नाही. ते खरं होतं, विषयपत्रिकेवर तो नव्हताच. सूट देण्याचा विषय एका सभेत येतो आणि तिच्यापायी काय बंद करायचं हा विषय दुसऱ्या सभेत, भलत्याच नावानं. देशाचं असो की कोळीवाड्याचं, ही खोड सारखीच. मधे इतके दिवस जातात की ज्यांनी हात वर केले त्यांनाही या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता हे आठवत नाही.

मतं घेतली. बायांचे हात भराभर वर गेले. पहिल्या रांगेत माझ्या आईचा.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. ती भाकरी थापत होती. तिचं म्हणणं तिनं शांतपणे सांगितलं, आणि ते ऐकून मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, कारण ते चूक होतं पण वेडगळ नव्हतं.

आमच्याकडे बोट बंदराला लागली की आधी कालवणाची मासळी निघते. विक्रीला जायच्या आधी, हिस्से पडायच्या आधी. खलाशांना, जाळी ओढायला हात लावणाऱ्यांना, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना, विधवांना, त्या वेळी बंदरावर जे कुणी असेल त्याला एका कालवणापुरती मासळी मिळते. मागावी लागत नाही. मोठी बोट भरून आली तर त्या दिवशी गावात एकही चूल मासळीवाचून राहत नाही. वडील गेल्यावर आम्ही कितीतरी दिवस त्या मासळीवर जेवलो.

"नाखव्याच्या बोटीला जादा आलं तवा आपल्याला कवा कमी आलंय?" आई म्हणाली. "त्याचं भरलं की आपलं कालवन होतं. तू लय शिकलीस बाय, पन बंदरावर उबी राहून बगितलं नाय."

म्हणजे सगळ्या बायांनी हात वर केले ते या हिशेबानं. नाखव्याकडे पैसा उरणार म्हणजे तो बंदराला लागणार, आणि बंदराला लागला की कालवणापुरता प्रत्येक घरात येणार. मी म्हटलं, "आये, मासळी नासते गं. संध्याकाळपर्यंत ठेवली तर वास मारते, म्हणून वाटतात. पैसा नासत नाही. तो कुणी बंदरावर उतरवत नाही, तो बँकेत उतरतो. तिथे तुला कोण कालवण देणार?"

तिनं भाकरी उलटली. "नाखवा तसा नाय," म्हणाली.

नाखवा कसा आहे याचा प्रश्नच नव्हता. पण आईच्या जगात सगळे प्रश्न माणूस कसा आहे इथे येऊन थांबतात, आणि माझ्या पेशात माणूस कसाही असला तरी बेरीज तीच येते.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या. तिसरी बोट निघाली नाही. मासळीच नव्हती, ती काढून करणार काय? नाखव्यांनी वाचलेल्या पैशांत भर घालून पालघरला धाकट्या मुलासाठी फ्लॅट घेतला. घ्यावा, बापानं मुलासाठी घर घेणं हा गुन्हा नाही. गावाला त्यांनी पेढे वाटले आणि आईनं माझ्यासाठी त्यातला एक राखून ठेवला होता. "बग, वाटले का नाय?" म्हणून तिनं तो माझ्या हातावर ठेवला, आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

दिवाळीनंतर गावकीच्या मंडळाची बैठक झाली. सभा नव्हे, बैठक. तिला मंडळाचे लोकच असतात आणि मंडळात बाया नसतात. जमा कमी पडते आहे असं तिथे लक्षात आलं. कशामुळे कमी पडते यावर, मला कळलं त्याप्रमाणे, कुणीच बोललं नाही. काय बंद करता येईल यावर मात्र बरंच बोलले. बंदरावरचे दिवे बंद करता येत नव्हते, बोटींना लागतात. देवळाचं बंद करता येत नव्हतं, देव कोपेल. राहता राहिला टेम्पो. टेम्पो जुना झाला आहे, दुरुस्ती परवडत नाही, हल्ली रिक्षा पुष्कळ झाल्यात, असं ठरलं. ज्यांच्या बायका टेम्पोनं जात नव्हत्या अशा माणसांनी ते ठरवलं.

मला आईनं फोनवर सांगितलं ते असं: "टेम्पो बिगडला."

मी म्हटलं, बिघडला नाही, बंद केला. तुम्ही सूट दिलीत म्हणून बंद केला. ती म्हणाली, "त्याचा नि ह्याचा काय संबंद?" मी ऑफिसात होते. माझा आवाज चढला तसे आजूबाजूचे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर ती काही दिवस रिक्षानं आली. रिक्षा, पाटीचं सीट, पालघरहून पुन्हा दुसरी रिक्षा. मासळी विकून हातात उरायचं ते जाण्यायेण्यात जायचं. पोचेपर्यंत रात्रपाळी सुटलेले कामगार बाजार करून गेलेले असायचे. मी म्हटलं, रिक्षाचे पैसे मी देते. ती माझ्यावर उखडली. "तू पैसं देनार, मी त्यात बसून जानार, नि संध्याकाळी तुझंच पैसं मोजीत घरी येनार? मंग त्याला विकनं कशाला म्हनायचं?" मी म्हटलं, माझ्याकडेच राहा, इथून बाजार जवळ आहे. तर मासळी गावच्या बंदरावर घ्यावी लागते, ती बोईसरात माझ्या स्वयंपाकघरात उगवत नाही, हे तिनं मला सुनावलं. तेही खरं होतं. प्रत्येक वाट शोधून पाहिली आणि प्रत्येक वाट त्या टेम्पोपाशी येऊन थांबत होती.

बाकीच्या बायांपैकी तरण्या होत्या त्यांनी नवऱ्यांच्या मोटारसायकली धरल्या. काहींनी विकणं सोडलं. आई मध्ये आठ-दहा दिवस आजारी पडली, मग सणाला थांबली, मग एकदा गेली तर तिच्या फरशीवर बर्फाच्या पेट्या घेऊन एक माणूस बसलेला. गुजरातकडून ट्रकनं येणारी मासळी, पेटीबंद. तिनं त्याला उठ म्हटलं. त्यानं तिला अदबीनं, मौसी म्हणून, तिथे आता तो बसतो असं सांगितलं. ती वसुलीवाल्याकडे गेली आणि वसुलीवाल्यानं जे विचारायचं तेच विचारलं.

त्या दिवशी ती पाटी घेऊन सरळ माझ्या घरी आली. पाटीतली मासळी तशीच होती. मी काही बोलायच्या आत तिनं विळी मागून घेतली आणि माझ्या गॅलरीत बसून सगळी मासळी साफ केली, इमारतीतल्या घरोघर वाटली. वॉचमनलाही दिली. त्याचे पैसे ती घेईना. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. इतके महिने मी तिच्याशी भांडत होते ते सिद्ध करायला की मी बरोबर आहे, आणि आता मी बरोबर ठरले होते. इतकं वाईट मला माझ्या आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सालाबादची सभा आली. मी रजा टाकून गेले. या वेळी मी तयारीनं गेले होते, कारण मला कळलं होतं की मोठ्या बोटींचा उरलेला हिस्साही आणखी कमी करण्याचा विषय येतो आहे. नाखवा उठून म्हणाले की पहिल्या सुटीचा गुण दिसायला वेळ लागतो, अर्धवट औषधानं रोग जात नाही, आणखी थोडी सूट दिली तर तिसरी बोट नक्की निघेल. ते मनापासून म्हणत होते, हेच त्यातलं सर्वांत कठीण. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं.

मी उठले. या वेळी मी आकडे सांगितले नाहीत, दिल्लीचं नाव काढलं नाही. मी फक्त बायांना विचारलं, मागच्या वर्षी तुम्ही हात वर केलेत त्यानंतर तुमच्या घरात काय आलं आणि काय गेलं. टेम्पो का गेला हे पायरी पायरीनं सांगितलं. दोन-तीन बायांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पोर खोटं नाय बोलत." मला वाटलं, पोचलं. या वेळी पोचलं.

हात मोजायला सुरुवात झाली. काही बायांनी हात खालीच ठेवले. मागच्यापेक्षा पुष्कळच कमी हात वर होते, एकदोन हातांवर येऊन अडलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती समोर, नाखवा बसले होते त्या बाजूला पाहत होती, आणि तिचा हात वर होता.

ठराव झाला.

बाहेर मी तिला देवळाच्या पायऱ्यांवर गाठलं. मी म्हटलं, "तुझी जागा गेली, आये. तुझी. सगळ्या गावात सर्वांत जास्त तुझं गेलं. तुला कळलं नाही असं सांगू नकोस, मी तुझं तोंड बघत होते, तुला सगळं कळलं."

"कळलं," ती म्हणाली.

"मग?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. माणसं देवळातून बाहेर पडत होती. तिनं मला हाताला धरून कडेला घेतलं.

"जागा होती तवा मी कोनाची नव्हते, बाय. माझी मासळी, माझं गिऱ्हाईक. तवा मी हात खाली ठेवला असता तर कोन मला इचारनार होता? नाय ठेवला, अक्कल नव्हती. आता जागा गेली. आता मी नाखव्याच्या ओट्यावर बोंबील सुकवायला जाते, रोजानं. उद्या सकाळी मला तिथंच जायचंय."

मला हे माहीत नव्हतं. तिनं मला सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं ती माझे पैसे घेत नाही, म्हणजे तिच्या साठवणीवर राहते आहे.

तिनं माझ्या खांद्यावरची ओढणी सारखी केली, मी शाळेत जाताना करायची तशी.

"नि आनखी एक सांगू?" ती म्हणाली. "नाखवा मला इचारत व्हते, तुझी पोर कवा जानार म्हनून. पुढच्या सालच्या सभेला तू येऊ नको."